पाच नंबरची काच

भीमराजला कशावरही मत विचारलं की तो हातातला घास हातातच धरून उत्तर द्यायचा. नाही विचारलं तरी द्यायचाच. चिंचवडच्या ज्या कंपनीत तो प्रोग्रामर होता तिथं ट्रकचे सुटे भाग बनायचे. दोन वर्षांपूर्वी कंपनीत कॉम्प्युटर आला, त्याच्यासाठी एक थंडगार खोली बांधली गेली, आणि चपला बाहेर काढून त्या खोलीत जाणाऱ्या पाच-सहा माणसांत भीमराज होता. त्याचे वडील साहेबराव त्याच कंपनीच्या फाउंड्रीत रसरसत्या लोखंडापाशी उभे असत. फाउंड्रीतली माणसं बाहेरच्यांना सांगायची, “साहेबरावाचं पोरगं मशीनला शिकवतंय.”

कँटीनच्या भिंतीवर एक फळा होता. त्यावर जेवणाचा मेनू लिहून झाला की खाली बरीच जागा उरायची. कँटीन कमिटीनं भीमराजला सांगितलं, तू रोज पेपर वाचतोस, विज्ञानाचं काही आलं तर चार ओळी लिहीत जा. तो बातमी लिहायचा आणि तिच्याखाली आपलं मत. अमेरिकेची अवकाशातली प्रयोगशाळा कोसळणार म्हणून सगळे आभाळाकडे बघत होते, तेव्हा त्यानं लिहिलं होतं, “ती चिंचवडवर पडण्यापेक्षा आपली बस वेळेवर येण्याची शक्यता जास्त आहे.” श्रीहरिकोट्याहून सोडलेला पहिला अग्निबाण समुद्रात पडला तेव्हा लिहिलं, “पहिल्या फटक्यात चाललेला प्रोग्राम मी अजून पाहिलेला नाही. दुसऱ्यांदा सोडा.” लोक हसायचे, ताट घेऊन फळ्यासमोर थांबायचे. फाउंड्रीतल्या कामगाराच्या मुलाचं लिहिलेलं साहेबलोकही वाचतात, हे साहेबराव लांबून बघायचे आणि भाकरी मोडायचे.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत मोठं सूर्यग्रहण आलं. सोळा तारीख, शनिवार, दुपारची वेळ. कारवार-रायचूरकडे सूर्य पूर्ण झाकणार होता आणि आपल्याकडे बारीक कोर उरणार होती. कंपनीला सुट्टी गुरुवारची, त्यामुळे शनिवार कामाचा. पण निम्मे लोक येणार नाहीत हे आठवडाभर आधीच कळलं होतं. भीमराजच्या घरी ग्रहण पाळत नसत. शुक्रवारी दुपारी त्यानं फळ्यावर लिहिलं, “ग्रहणाला घाबरून घरात बसू नका. असा देखावा पुन्हा कधी मिळणार? स्टोअरमध्ये वेल्डिंगच्या काचा आहेत. एक डोळ्याला लावा आणि खुशाल बघा.”

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराशी एक माणूस येऊन उभा राहिला. त्यानं बूट काढून भिंतीला नीट लावून ठेवले होते. तो फॅब्रिकेशन खात्यातला वेल्डर ज्योतीराम, बीडकडचा. भीमराज त्याला तोंडओळखीनं ओळखत होता, इतकंच.

“साहेब, जरा बाहेर येता का?” तो म्हणाला.

भीमराज बाहेर आला. ज्योतीरामनं खिशातून एक गोल हिरवी काच काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

“कालपासून लोकं स्टोअरातून ह्या काचा न्यायलेत. अठरा गेल्यात. मी आत्ता स्टोअरकीपरला विचारून आलो.”

“मग चांगलंच आहे की. मीच लिहिलं होतं.”

“तेच म्हणायलो. ही काच गॅसकटिंगची. पाच नंबर. नंबर जेवढा लहान तेवढी काच फिकी. हिच्यातून सूर्य बघितला तर डोळा जाईल, साहेब.”

भीमराजला आधी राग आला. “पेपरमध्ये आलंय ज्योतीरामभाऊ, वेल्डिंगची काच चालते म्हणून. मी मनानं लिहीत नाही.”

“आलं असंल. कोणत्या नंबरची म्हणलेत?”

भीमराजनं ते कात्रण टेबलाच्या खणात ठेवलं होतं. तो आत जाऊन घेऊन आला आणि दारातच वाचू लागला. शेवटून दुसऱ्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं, चौदा नंबरची काच. ती ओळ त्यानं वाचली नव्हती असं नाही. वाचली होती आणि सोडून दिली होती. स्टोअरमधल्या मालाची यादी छापणारा प्रोग्राम त्यानंच लिहिलेला होता आणि त्या यादीत सगळ्या काचांना मिळून एकच नाव होतं, ‘काच, वेल्डिंग’. त्याच्या लेखी काच म्हणजे काच.

“आपल्याकडे चौदा नंबर आहे का?” त्यानं विचारलं.

“न्हाई. आर्क वेल्डिंगला आम्ही अकरा वापरतो. चौदा कुणाला लागती?” ज्योतीराम म्हणाला. “आर्कचा उजेड डोळ्याला लागला तर रात्रभर वाळू भरल्यावाणी होतंय, म्हणून माणूस शहाणा होतो. सूर्याचं तसं नसतंय. दुखतच न्हाई. आमच्या गावात एकानं असंच गिराण बघितलं होतं. त्याला नंतर समोरच्याचे कान दिसायचे, पण तोंड न्हाई दिसलं कधी. बायकोचंसुदिक.”

भीमराजनं कात्रण खिशात घातलं. घड्याळात सव्वानऊ झाले होते. ग्रहण अडीचच्या सुमाराला लागणार होतं.

“तुम्ही फळ्यावरचं खोडून टाकायचं ना,” तो म्हणाला.

“तुमचं लिहिलेलं मी कसं खोडू? तुमी चांगल्यासाठीच ल्हिलं. म्हणून म्हणलं, आधी तुम्हाला सांगावं.”

भीमराज तसाच कँटीनमध्ये गेला, फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, “मी काल लिहिलेलं चूक आहे. काचा परत करा. भीमराज.” मग दोघं खात्याखात्यांतून फिरायला लागले. प्रेसशॉप, मशीनशॉप, पेंटशॉप. काही जण हसले. एक जण म्हणाला, “काय राव, कॉम्प्युटर पण चुकतो होय?” भीमराज म्हणाला, “कॉम्प्युटर नाही, मी चुकलो. काच द्या.” अकरापर्यंत सतरा काचा गोळा झाल्या.

पण काच देताना जो तो एकच विचारत होता, मग बघायचं कसं? भीमराजनं कात्रण पुन्हा वाचलं, या वेळी अगदी शेवटपर्यंत. पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून भिंतीवर सूर्याची प्रतिमा पाडता येते, असं तिथं होतं. त्यानं ते कुसुमताईंना वाचून दाखवलं. कुसुमताई कार्डांना भोकं पाडायच्या मशीनवर काम करायच्या. कॉम्प्युटरला जे सांगायचं ते जाड कागदाच्या कार्डांवर भोकांच्या रूपानं सांगावं लागे, आणि दिवसाकाठी शेकडो कार्डं त्यांच्या हाताखालून जात.

“अहो, मग आपल्याकडे भोकांशिवाय दुसरं आहे काय?” त्या म्हणाल्या.

त्यांनी टोपलीतलं एक वापरलेलं कार्ड उचललं आणि तिघं बाहेर व्हरांड्यात आले. ज्योतीरामनं कार्ड उन्हात धरलं. भिंतीवर नुसता उजेडाचा पुंजका पडला.

“भोकं फार जवळजवळ आहेत,” कुसुमताई म्हणाल्या. “थांबा.” त्या आत गेल्या. कार्डाच्या एका ओळीत ऐंशी घरं असतात. त्यांनी दर दहा घरांमागे एकच भोक पाडलं, बाकी घरं कोरी सोडली. हे कार्ड भिंतीपासून चार-साडेचार फुटांवर धरल्यावर एका ओळीत आठ गोल उमटले, टिकलीएवढे.

“हे आठही सूर्यच?” ज्योतीरामनं विचारलं.

“सूर्यच.”

ज्योतीराम पहिल्यांदाच हसला. कुसुमताईंनी तशी पंचवीस कार्डं पाडली. ज्यांच्या काचा परत घेतल्या त्यांना एकेक दिलं, आणि सूर्याकडे पाठ करून भिंतीकडेच बघायचं, हे ज्योतीरामनं प्रत्येकाला दोनदा बजावलं.

अठरावी काच मोशीच्या बबनरावांकडे होती. ते पेंटशॉपला होते, दुसऱ्या पाळीला, म्हणून शुक्रवारी स्टोअरमधून काच घेऊन घरी गेले होते. ग्रहणामुळे आज येतील की नाही याचा भरवसा नव्हता. भीमराजनं खात्यातल्या एकाची स्कूटर मागून घेतली. ज्योतीरामच्या फोरमनला विचारलं तर तो म्हणाला, “घेऊन जा. माणसंच नाहीत, मी कुणाकडून काम करून घेऊ?”

भोसरीवरून मोशीपर्यंतचा रस्ता कधी नव्हे इतका मोकळा होता. हॉटेलांच्या फळ्या लागलेल्या होत्या. ज्योतीराम मागं बसला होता आणि भीमराजच्या मनात एकच येत होतं, बबनरावांनी बघितलं तर नसेल?

बबनरावांच्या अंगणात आठ-दहा माणसं जमली होती. मधोमध बाजेवर त्यांच्या आई जाईबाई बसल्या होत्या.

“या या, साहेब!” बबनराव उठले. “बरं झालं आलात. आमी म्हातारीला गिराण दावणार हाय. सत्तर वर्सं घरात कोंडून बसली, आता बघ म्हनलं.”

“बबनराव, ती काच द्या. चुकीची काच आहे.”

बबनरावांचा चेहरा उतरला. जमलेल्या माणसांकडे त्यांनी एकदा बघितलं. “तुमीच लिवलं व्हतं की, खुशाल बघा म्हनून! मी समद्या आळीला सांगून ठिवलंय.”

“मी लिहिलं होतं. मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. ही चूक माझी आहे, तुमची नाही.” हे सगळ्यांसमोर म्हणताना भीमराजचे कान तापले. “तुम्ही हिच्यातून बघितलं का?”

“सकाळी एकदा लावली. लई लख्ख दिसलं, म्हनून लगेच काढली.”

ज्योतीराम पुढं आला. त्यानं बबनरावांना ओसरीवर नेलं, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं केलं, एक डोळा हातानं झाकायला लावला. “मधली तारीख वाचा. तिकडं न्हाई, मधली.” बबनरावांनी एकेका डोळ्यानं तारखा वाचल्या, खालचं बारीक अक्षरही वाचलं. ज्योतीरामनं त्यांना तीन-तीनदा विचारलं, मधे डाग दिसतो का, काळं काही दिसतं का. नाही म्हटल्यावर तो खाली बसला आणि टोपी काढून त्यानं कपाळ पुसलं. भीमराज खांबाला टेकून उभा होता.

अडीच वाजून गेले. बबनरावांच्या घराची पश्चिमेकडची भिंत चुन्यानं रंगवलेली होती. भीमराजनं खिशातून कार्ड काढलं आणि भिंतीसमोर धरलं. आठ गोल उमटले, पण आता प्रत्येकाचा एकाच बाजूचा तुकडा खाल्लेला होता. बाया पदर सावरून जवळ आल्या. जाईबाईंची बाज उचलून भिंतीसमोर ठेवली. पावणेचारच्या सुमाराला ऊन फिकं पडलं, गार वारा सुटला, कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या आणि भिंतीवर आठ बारीक कोरी राहिल्या.

“यो सूर्य व्हय?” जाईबाईंनी विचारलं.

“व्हय आये,” बबनराव म्हणाले.

त्यांनी हात लांबवून एका कोरीवर बोट ठेवलं. कोर त्यांच्या नखावर आली. “चटका न्हाई बसत,” त्या म्हणाल्या, आणि सगळं अंगण हसलं.

निघताना त्यांनी भीमराजच्या गालावरून हात फिरवला. “लांबनं आलास बाबा आमच्यापायी,” असं म्हणाल्या. बबनरावांनी काच कागदात गुंडाळून ज्योतीरामच्या हातात दिली.

परत येताना भोसरीत एक हॉटेल नुकतंच उघडलं होतं. दोघं चहाला थांबले.

“ज्योतीरामभाऊ,” भीमराज म्हणाला, “तुम्ही आज आला नसता तर मला जन्मभर झोप लागली नसती.”

“सारखं तेच नका घोकू.”

“नाही, बोलू द्या. तुम्ही मॅनेजरकडे गेला असता, तर माझं काय झालं असतं? माझ्या वडिलांचं काय झालं असतं? चार लोकांत म्हणाला असता, तरी कुणी तुम्हाला बोललं नसतं. तुम्ही बूट काढून माझ्या दारात उभे राहिलात.”

ज्योतीराम बशीत चहा ओतत होता. “तुमचं मी रोज वाचतो,” तो म्हणाला. “हळूहळू वाचतो, पण वाचतो. ते बंद पडलं असतं, तर माझंच नुकसान होतं.”

दुसऱ्या दिवशी भीमराजनं स्टोअरच्या यादीत काचांना नंबरानुसार वेगवेगळी नावं दिली. घरी साहेबरावांनी सगळं ऐकून घेतलं होतं. दुपारी ते स्वतः फॅब्रिकेशन खात्यात गेले आणि ज्योतीरामला आपल्या डब्यातली चटणी-भाकरी खायला बसवूनच परतले. फळ्यावर लिहिणं चालू राहिलं, पण लिहिण्याआधी भीमराज आता कुणाला तरी विचारून यायचा. रंगाचं असलं तर बबनरावांना, लोखंडाचं असलं तर वडिलांना. फाउंड्रीत तो लहानपणी डबा द्यायला जायचा. त्यानंतर इतक्या वर्षांनी तो पुन्हा तिथं जाऊ लागला आणि आपल्या बापाला किती माहीत आहे हे त्याला तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी पेपरात बातमी आली की जपानात मोटारींचे सांगाडे आता लोखंडी हात वेल्ड करतात, माणूस लागत नाही. ज्योतीराम ते पान घडी करून कँटीनमध्ये घेऊन आला.

“साहेब, तुमचं काय मत?”

“वेल्डिंगचं मला काय कळतंय? तुमचं सांगा, मी लिहितो.”

ज्योतीराम संकोचला. मग ताट बाजूला सारून विचार करत बोलला, “जोडाची सरळ शिवण मारील ती मशीन. आपल्यापरीस बरी मारील, तिला घाम येत न्हाई. पण पत्रा वाकडा आला, गंजका आला, तर तिला कळंल का, ते बघितल्याबिगर कसं सांगू?”

भीमराजनं खडू घेतला आणि ते जसंच्या तसं फळ्यावर उतरवलं. खाली नाव लिहिलं, ज्योतीराम, फॅब्रिकेशन. ज्योतीराम फळ्यासमोर उभा राहून बोट न लावता एकेक शब्द वाचत गेला. माणसं त्याच्या मागं ताटं घेऊन थांबली.

“साहेब,” तो वळून म्हणाला, “‘बघितल्याबिगर’ ऱ्हायलं.”

भीमराजनं पाहिलं. खरंच राहिलं होतं. त्यानं दोन शब्दांच्या मधे वर खूण केली आणि तो शब्द घातला.