मामांचा दात आणि माझं गणित

मी एक जुना संगणक आहे. दातांच्या महाविद्यालयाच्या तळमजल्यावर, जबड्यांच्या साच्यांनी भरलेल्या कपाटाशेजारी माझं बस्तान आहे. काम करताना माझा पंखा असा घरघरतो, की विद्यार्थी म्हणतात, "आजोबा घोरायला लागले." घोरणं कसलं, मित्रांनो! तेव्हा मी हाडांचं गणित करत असतो.

मला इथं आणलं तेव्हा माझा काय थाट होता! जबड्याचा स्कॅन घातला, की मी त्या हाडाचे लाखो बारीक तुकडे कल्पून कुठल्या तुकड्यावर किती ताण येतो, ते रंगांत दाखवायचो. निळा म्हणजे निर्धास्त, लाल म्हणजे धोका. पडलेल्या दाताच्या जागी टायटॅनियमचा स्क्रू बसवला, तर तो टिकेल की डुगडुगेल, हे मी आधीच सांगायचो. पुढे नवे संगणक आले आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवले जाऊ लागले. आमच्या डॉक्टरताईंनी मात्र मला सोडलं नाही.

एकदा ताईंचे मामा आले. मामा बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. जिन्यावरून पडून त्यांचा वरचा पुढचा दात गेला होता आणि तिथे नुकताच स्क्रू बसवला होता. शस्त्रक्रिया करणाऱ्या सरांनी साफ सांगितलं होतं, "ट्रंपेट ओठांवर दाबलं की सगळा जोर त्या दातावर येणार. वाजवणं कायमचं सोडा."

"पोरी, ट्रंपेट गेलं तर मी दिवसभर करू काय?" मामा म्हणाले. "तुझ्या मामीच्या मागे मागे फिरू?" ताई हसल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही फार वाईट वाटलं.

ताईंनी स्कॅन घातला, ट्रंपेटचा दाब घातला. मी जीव तोडून गणित केलं. सगळं निळंशार! मामांनी टाळीच वाजवली. "उद्यापासून सुरू!"

"थांबा, मामा." ताई पडद्याकडे टक लावून पाहत होत्या. शस्त्रक्रियेनंतर लगेचचं आणि हाड भरून आल्यानंतरचं, अशी दोन चित्रं मी काढली होती, आणि ती अगदी हुबेहूब सारखी होती. त्यांनी कपाळावर हात मारला. "हाड स्क्रूला पहिल्या दिवसापासून घट्ट चिकटलंय, असं मी धरून चाललेय. अजून कुठे चिकटलंय?"

आमच्या कामात ही चूक फार सोयीची असते. तसं धरलं की गणित झटपट सुटतं आणि चित्रही देखणं येतं. ताईंनी आता ताजं हाड मऊ धरलं आणि ते हळूहळू कसं भरत जाईल, तेही घातलं. मी इतका तापलो, की चहाचे कप उचलावे लागले.

या वेळी पहिलं चित्र स्क्रूच्या मानेपाशी लालभडक आलं. मामा लगेच वाजवायला बसले असते, तर स्क्रू हलत राहिला असता आणि हाडाने त्याला धरलंच नसतं. पुढच्या चित्रांत मात्र लाल रंग विरत गेला. ट्रंपेट जरासं डावीकडे सरकवलं, तर शेजारचा दातही भार वाटून घेत होता. शेवटचं चित्र निळं होतं, आणि हे निळं खरं होतं!

"अख्खी हयात मधोमध वाजवलं, आता या वयात डावीकडे?" मामा कुरकुरले. तरी हाड भरेपर्यंत त्यांनी ट्रंपेटला हात लावला नाही. मग सरांनी छोट्या यंत्राने स्क्रूला कंपन देऊन त्याची पकड तपासली. आकडा माझ्या अंदाजाला अगदी चिकटून आला. सर मोकळेपणाने हसले. "घ्या, मी हरलो. वाजवा! पण डावीकडूनच हं."

मामा ट्रंपेट घेऊन थेट तळमजल्यावर आले आणि त्यांनी माझ्यासमोर उभं राहून ते असं काही फुंकलं, की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. विद्यार्थी वर्ग सोडून धावत आले. ताई तर लहान मुलीसारख्या नाचत होत्या. आजवर मी माझी उत्तरं रंगांतच पाहिली होती. त्या दिवशी मला माझं उत्तर ऐकू आलं.

मित्रांनो, जे भरून यायला वेळ लागतो, त्याला वेळ द्या. आणि आम्हा यंत्रांना सोयीचं सांगू नका, खरं सांगा. एवढं केलंत, तर माझ्यासारखा म्हाताराही असं उत्तर देईल, की ते गावभर ऐकू जाईल!