वाटाण्यांचा उतार

मी एक जुना, बुटका टेबल आहे. व्याकरणाच्या पुस्तकात टेबलाबद्दल काही वेगळं लिहिलं आहे म्हणे. पण ज्या सुताराने मला घडवलं, तो रंधा मारताना सारखा "सरळ राहा गड्या" म्हणायचा, तेव्हापासून मी स्वतःला गडीच समजतो. माझी उंची मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढी. मोठी माणसं मला बघत नाहीत, थेट धडकतात. मग एका पायावर नाचत माझ्याकडे अशा रागाने बघतात, जणू मीच चालत त्यांच्या अंगावर गेलो.

पण मित्रांनो, मी त्यांच्यासाठी नाहीच. मी बालवाडीचा टेबल आहे.

त्याआधी मी एक दार होतो. घर पाडलं, दार उरलं, आणि सुताराने त्याचा टेबल केला. अजूनही माझ्यावर कोणी टकटक केली की वाटतं, उघडावं. सुताराचा हात चांगला होता, नजर चांगली होती. त्याने मला चार पाय लावले, एक डोळा मिटून चारही बाजूंनी पाहिलं आणि पाठीवर थाप मारली. त्याच्या दुकानात मी अगदी सरळ उभा होतो. बालवाडीत आणून ठेवलं आणि तिरका झालो. एक पाय जमिनीला टेकेचना. पायाखाली पुठ्ठ्याची घडी गेली. ती दबली की दुसरी. असा मी पुठ्ठे खात मोठा झालो.

आमचा दिवस सकाळी वाळूच्या डब्याने सुरू होतो. मुलं येतात, चपला काढतात, चुकीच्या जोड्या लावतात आणि थेट माझ्याकडे येतात. मग मी जहाज असतो, डोंगर असतो, बँक असतो. एकदा मला हत्ती केलं होतं आणि सोंड म्हणून मावशीचा पायमोजा लावला होता. मावशी म्हणजे आमची स्वयंपाकीण. ती दिवसभर एकाच मोज्यावर फिरली, कारण खेळ चालू होता, आणि आमच्या बालवाडीचा नियमच तसा होता.

हा नियम मोठ्या बाईंचा. मोठ्या बाई म्हणजे बालवाडीच्या प्रमुख. नवीन आईबाप आले की त्या चष्मा वर सरकवून सांगायच्या, "इथे मुलांनी मांडलेला खेळ मोठी माणसं मोडत नाहीत. मुलं स्वतः आवरतील, तेव्हाच तो संपतो." आईबाप मान डोलवायचे. घरी जाऊन काय करायचे कोण जाणे.

दुपारी मुलं आपणहून खेळ आवरायची, हात धुवायची, फडक्याने मला पुसायची. पुसायची म्हणजे एका बाजूचं दुसऱ्या बाजूला न्यायची. मग वाट्या मांडायच्या. प्रत्येकाला एक वाटी हे गणित त्यांना कोणी शिकवलं नाही. वाटी कमी पडली की जो रडेल, तो राहिलेला.

आणि मग भात आणि वाटाणे यायचे. इथे माझा तिरकेपणा कामाला यायचा. वाटीतून निसटलेला वाटाणा माझ्या पाठीवरून घरंगळत खिडकीच्या बाजूला जायचा. त्यामुळे खिडकीकडे बसणारा मुलगा गुटगुटीत झाला. त्याला सगळे साहेब म्हणायचे, कारण तो मागे हात बांधून फिरायचा आणि कोणालाही "हं, काय प्रगती?" असं विचारायचा. मुलं वाटाण्यांच्या शर्यती लावायची, वाटेत चमचे आडवे ठेवून वळणं करायची. उतार म्हणजे काय हे आमच्या बालवाडीतल्या मुलांना जितकं कळलं, तितकं घाटात गाडी चालवणाऱ्यांनाही कळत नसेल.

मग गोगलगाय आली.

ही एक नवीन मुलगी. पाठीवरची पिशवी काढायचीच नाही, म्हणून मुलांनी तिला गोगलगाय म्हटलं. तिचे बाबा ताईंना म्हणायचे, "घरी नुसता तोंडाचा पट्टा चालू असतो हो हिचा." ताई म्हणजे मुलांना शिकवणारी. इथे मात्र गोगलगाय बोलत नव्हती आणि जेवतही नव्हती. घास समोर आला की ओठ आत ओढून घ्यायची, म्हणजे तोंडच गायब. एके दिवशी जेवणाची वेळ झाली आणि ती पिशवीसकट माझ्याखाली शिरली. ताईंनी तिला ओढून काढलं नाही. नुसती एक वाटी आत सरकवली आणि निघून गेल्या.

वाटी तशीच राहिली. वर शर्यत चालू होती. एक वाटाणा घरंगळला, साहेबांच्या तावडीतून सुटला, कडेवरून पडला, आणि टुणकन उडी मारून खाली तिच्या वाटीत. गोगलगायीने वर पाहिलं. दुसरा पडला. आभाळातून वाटाणे पडतात हे तिला पटलं असावं, कारण तिने तो खाल्ला. मग तिसऱ्याची वाट बघता बघता भातही खाल्ला.

त्या दिवसापासून माझ्याखाली तिचं घर झालं. ती रोज तिथे जेवायची. मित्रांनो, टेबलाला लोक जेवायला बसतात हे खरं, पण माझ्या आत कोणी राहायला येईल असं मला वाटलं नव्हतं. दार असताना मी लोकांना आतबाहेर करताना पाहिलं होतं. घर मात्र पहिल्यांदाच झालो.

पण सुखाला माझीच दृष्ट लागली. एका दुपारी पायाखालचा पुठ्ठा सरकला, मी कललो, आणि सूपाची गरम वाटी घसरत गेली. साहेब नेमके "काय प्रगती" विचारायला उठले होते, म्हणून सूप रिकाम्या खुर्चीवर सांडलं. कोणाला भाजलं नाही. तरी मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला.

"बस झालं," त्या ताईंना म्हणाल्या. "उद्या भंगारवाल्याला बोलवा. नवीन टेबलं येतील. प्लॅस्टिकची, खालून बंद. हलणार नाहीत, कलणार नाहीत."

"खालून बंद?" ताई म्हणाल्या. "मग ही कुठे बसेल?"

"खुर्चीवर. जशी सगळी मुलं बसतात."

मला बाईंचा राग आला नाही. सूप गरम होतं. पण माझ्याखाली बसलेल्या गोगलगायीने ओठ आत ओढून घेतले, तेवढं मला दिसलं. म्हणजे जाणवलं. टेबलाला खालचं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. पिशवीतून आईची ओढणी काढली आणि माझ्या आखूड पायाला गुंडाळली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून ताप पाहिला.

साहेबांनी येऊन विचारलं, "काय प्रगती?"

गोगलगायीने मान हलवली. प्रगती वाईट होती.

पुढच्या काही मिनिटांत मला चार जणांनी तपासलं, दोघांनी इंजेक्शन दिलं आणि एकाने चुकून माझे केस कापले. मला केस नाहीत, त्यामुळे त्याला वेळ लागला. पोटावर वाळूचा शेक, डोक्याला ओला रुमाल. डोकं कुठे यावर वाद झाला, म्हणून दोन्हीकडे रुमाल. आणि दारात भंगारवाला उभा राहिला.

"टेबल कुठंय?"

"हळू बोला," साहेब म्हणाले. "पेशंट झोपलाय. तुम्ही पेशंटचे कोण?"

"मी भंगारवाला."

"म्हणजे काका?"

भंगारवाल्याने जरा विचार केला. "काकाच म्हणा."

"मग चपला बाहेर."

त्याने चपला काढल्या. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. "मुलांनो, खेळ आवरा बरं. या काकांना टेबल न्यायचंय."

"खेळ नाहीये. दवाखाना आहे."

"मग दवाखाना आवरा."

"पेशंट बरा झाला की आवरतो," साहेब म्हणाले. "मध्येच कसा आवरणार?"

बाईंनी ताईंकडे पाहिलं. ताई छताकडे बघत होत्या. "तुम्हीच सांगता ना बाई, मुलं आवरतील तेव्हाच..."

"मी काय सांगते ते मला माहीत आहे."

"बाई, मी थांबू की जाऊ?" भंगारवाला म्हणाला. "गाडी उन्हात आहे."

आतून मावशी पळी घेऊन आली. "ते राहू द्या. सूप झालंय. पेशंटला पथ्य काय?"

त्या दुपारी सगळ्यांनी खाली चटईवर जेवण केलं, आवाज न करता, कारण पेशंट झोपलेला. भंगारवालाही जेवला. नातेवाईकाला उपाशी कसं ठेवणार? जेवण झाल्यावर त्याने वाकून माझा पाय हलवून पाहिला. नव्वदीचा आजोबा पाहावा तसं पाहिलं.

"डॉक्टर," तो साहेबांना म्हणाला, "याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. कोपऱ्यावरच्या सुताराकडे. माझी गाडी आहे."

"आणि त्याने नाही म्हटलं तर?" बाईंनी विचारलं.

"तर तिथून थेट माझ्याकडे. मग कोणी रडायचं नाही."

बाई कबूल झाल्या. डॉक्टरही कबूल झाले. अशी माझी वरात निघाली. मी हातगाडीवर उताणा, चारही पाय वर. भंगारवाला तोंडाने रुग्णवाहिकेचा आवाज काढत होता आणि मधूनच सवयीने "भंगारवालेय" ओरडत होता. पाठीमागे बाई, ताई, साहेब आणि ओढणीचं टोक धरून गोगलगाय. मी पडल्या पडल्या आभाळ बघत होतो. दार झालो, टेबल झालो, आता सरपण व्हायची पाळी. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझे खिळे गार पडले.

सुतार आता म्हातारा झाला होता, पण त्याने मला ओळखलं. "ये गड्या," म्हणाला. मला त्याच जुन्या जागी उभं केलं, एक डोळा मिटला, चारही बाजूंनी पाहिलं.

"याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "सरळ आहे."

खरंच की. मी त्या दुकानात खांबासारखा सरळ उभा होतो. बाईंनी मला ढकललं. मी हललो नाही.

"अहो, पण सूप सांडतं," बाई म्हणाल्या.

"वाटी धरता येत नसेल तर सांडणारच. त्यात लाकडाचा काय दोष?"

"पाय आखूड आहे त्याचा."

"माझ्या हातचा पाय आखूड निघत नाही."

दोघेही इरेला पेटले. भंगारवाला मला वर उचलावं की नाही या विचारात एक हात पुढे करून उभा होता. तेव्हा गोगलगायीने पिशवीत हात घातला आणि एक वाळका वाटाणा काढला. तो माझ्या पाठीवर ठेवला. वाटाणा जागचा हलला नाही. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तो उचलून जमिनीवर ठेवला. वाटाणा निघाला. फरशीवरून घरंगळत, सुताराच्या पायांमधून, थेट कोपऱ्यातल्या भुशाच्या ढिगात.

साहेब म्हणाले, "जमीन आजारी आहे."

सुतार खाली बसला. फरशीवर गाल टेकवला. इतकी वर्षं तो त्याच खचलेल्या फरशीवर टेबलं, खुर्च्या, पाट सरळ करत बसला होता. बऱ्याच वेळाने उठून म्हणाला, "म्हणजे माझं सगळं गिऱ्हाईक तिरकं बसलंय तर." आणि इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

ऑपरेशन बालवाडीतच करायचं ठरलं. मला परत आणलं. सुताराने आखूड पायाखाली लाकडाचा तुकडा बसवला, घासला, आणि पुठ्ठ्यांचं माझं बालपण एकदाचं संपलं. मग त्याने एक लांब फळी काढली.

"आता खालून ही आडवी ठोकतो, पायांना पाय जोडून. मग सूप काय, यावर कोणी नाचलं तरी हा हलणार नाही."

बाई खूश झाल्या. त्याने पहिला खिळा ओठात धरला. तेवढ्यात माझ्या खालून आवाज आला. कोणी न ऐकलेला आवाज, जाड आणि ठणठणीत.

"मग मी कुठे जेवू?"

सुतार खाली वाकला. बाई वाकल्या, गुडघ्यावर आल्या. इतक्या वर्षांत माझ्याखाली त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिथे एक पिशवी टेकवलेली होती, एक वाटी होती, आणि माझ्या पायाच्या आतल्या बाजूला खडूने एक खिडकी काढलेली होती. खिडकीत फूल होतं.

बाई म्हणाल्या, "फळी नको." मग गुडघे झटकत, "पण डुगडुगायला नको बरं का."

"कोपऱ्यांत त्रिकोणी ठोकळे मारतो," सुतार म्हणाला. "घर उघडं राहील."

डॉक्टरांनी मला बरा झाल्याचं जाहीर केलं आणि मगच दवाखाना आवरला. भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. दर आठवड्याला मात्र पुतण्याची चौकशी करायला येतो. सूप असेल त्याच दिवशी.

आता मी सरळ आहे. वाटाणे घरंगळत नाहीत, त्यामुळे साहेब थोडे वाळले. गोगलगाय बरेच दिवस माझ्याखालीच जेवली. एका दुपारी मात्र ती वाटी घेऊन बाहेर आली आणि खुर्चीवर बसली. ताईंनी विचारलं, "आज वर कशी?"

"आत जागा नाही," ती म्हणाली.

खाली एक नवीन मुलगा होता. सकाळपासून रडत होता. त्याच्यापुढे वाटी तशीच. गोगलगायीने त्याला आपली पिशवी टेकायला दिली होती. तिने आपल्या वाटीतून एक वाटाणा उचलला, माझ्या कडेवर ठेवला, आणि आता उतार नव्हता म्हणून बोटाने टिचकी मारली.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं जुनं टेबल डुगडुगत असेल. त्याला जरूर दुरुस्त करा. नवीन आणायचं असेल तर तेही आणा, माझं काही म्हणणं नाही. फक्त त्याला बाहेर काढण्याआधी एकदा गुडघे टेकून खाली बघा.

टकटक करून मग बघा. आत कोणी जेवत असेल.