लाइनवाली की चौखाना

या, असे जवळ सरकून बसा. तिकडे खांबाला टेकून बसलात तर गोष्टीतला निम्मा रस वाटेतच सांडायचा. आज देवादिकांची गोष्ट नाही. ही गोष्ट रायपुरातल्या दोन म्हाताऱ्यांची आणि एका शब्दाची आहे. आहे ती मत्सराची, पण ती रंगली कीर्तनात, तेव्हा ऐकल्यानं कुणाला पाप लागायचं नाही.

समता कॉलोनीत श्यामराव खोलकुटे राहतात. मूळचे वर्ध्याकडचे. सकाळी पूजा, संध्याकाळी हरिपाठ, आणि गावात कुठंही कीर्तन असलं की पहिल्या रांगेत हजर. माणूस सज्जन, कुणाचं वाईट चिंतणार नाही. फक्त घराबाहेर पडताना रस्त्यावरच्या पाट्या वाचायच्या टाळतात. औषधाचं दुकान असो की मोबाईलचं, पाटीवर एका कोपऱ्यात लिहिलेलं असतंच, ‘यहाँ झेरॉक्स होता है’. ते वाचलं की श्यामरावांची पावलं भराभर पडायला लागतात. दुसऱ्याला जिथं नुसता शब्द दिसतो, तिथं त्यांना नरेंद्र मोहरील दिसतो.

त्याचं असं झालं. कार्बन लावून टाइप करण्याच्या आणि स्टेन्सिल कापण्याच्या दिवसांत, नागपूरच्या एका एजन्सीनं या दोघांना रायपुरात नकला काढायची मशीन विकायला पाठवलं. श्यामराव थोरले, नरेंद्र नवा. मशीन म्हणजे लोखंडी पेटाराच. ते गादीत गुंडाळून हातगाडीच्या ठेल्यावर टाकायचं, हमालांना हाताशी घेऊन कचेरीचा जिना चढवायचा, साहेबासमोर गादी सोडायची आणि वायरला प्लग सापडेपर्यंत साहेबाला गप्पांत गुंतवायचं. आतली काळी पावडर बुक्क्यासारखी. एकदा अंगावर सांडली की पांढऱ्या सदऱ्याचं आयुष्य संपलं.

एजन्सीचा एक कडक नियम होता. आपलं मशीन दुसऱ्या कंपनीचं, तेव्हा ‘झेरॉक्स’ म्हणायचं नाही. ते प्रतिस्पर्ध्याचं नाव. आपण म्हणायचं ‘कॉपी’. श्यामराव नियमाला धरून चालणारे. एकादशीला जसं दाणाभर अन्न नाही, तसा हा शब्द जिभेवर नाही.

आता रायपुरात कॉपी म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे. पोरं दप्तरात घालून नेतात ती वही. श्यामरावांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण बोलताना वर्धा आधी तोंडात यायचं आणि रायपूर मागून.

एका शाळेच्या हेडमास्तरांपुढे मशीन मांडलं. श्यामराव म्हणाले, “सर, एक मिनट में कॉपी निकालती है.”

हेडमास्तर खुर्चीत पुढं सरकले. “लाइनवाली की चौखाना?”

त्यांना विचारायचं होतं, रेघांची वही की चौकटींची. श्यामरावांना वाटलं, कागदावरच्या रेघांबद्दल विचारत आहेत. म्हणाले, “सर, जैसी डालोगे वैसी निकलेगी.”

“और जिल्द?”

“जिल्द आपको करवानी पड़ेगी.”

“चलेगा,” हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी मास्तर लोकांना बोलावून घेतलं. सगळे मशीनभोवती जमले. दिवा सरकला, मशीन घरघरलं आणि एक कागद बाहेर आला. सगळे वाट बघत राहिले. हेडमास्तर म्हणाले, “बाकी के पन्ने?”

तेवढ्यात मागं गादी धरून उभा असलेला नरेंद्र पुढं आला. “सर, झेरॉक्स. झेरॉक्स मशीन है ये.”

खोलीभर हशा पिकला. मास्तर हसले, चपराशी हसला, हमालसुद्धा हसले. आणि हेडमास्तरांनी हसता हसताच मशीन घेतलं. ऑर्डर नरेंद्रच्या नावावर लागली. पुढं सिलतऱ्याच्या कारखान्यांपासून कचेऱ्यांपर्यंत मशीनं विकली ती त्यानंच, आणि सगळ्या रायपुरानं त्याचं नाव पाडलं झेरॉक्सभैया. श्यामराव नियम पाळत राहिले. त्यांचं नाव कुणी पाडलं नाही.

ही झाली जुनी गोष्ट. यंदा चौबे कॉलोनीत मंडळाच्या हॉलमध्ये कीर्तन सप्ताह होता. नागपूरच्या कीर्तनकार कौमुदीताई आल्या होत्या. गळा गोड, आणि एक सवय अशी की उत्तररंगात मुख्य आख्यानाच्या आधी त्या गावातलीच एखादी गोष्ट गुंफायच्या. मंडळाचा चिटणीस पराग श्यामरावांच्या घरी आला. मराठी कळतं त्याला, पण बोलतो हिंदी.

“काका, ताईजी झेरॉक्सभैया की कहानी लेना चाहती हैं. उनका पचहत्तरवां जन्मदिन है. पुराने दिनों का आपसे ज़्यादा किसको पता?”

पराग गेल्यावर श्यामरावांच्या पत्नी सुशीलाबाई आतून म्हणाल्या, “चहा ठेवू का मिरच्या ओवाळू? तोंड पाहा कसं झालं.”

“काय झालं तोंडाले?”

“काही नाही. नरेंद्रभावजींचं नाव निघालं की होते तसंच झालं.”

श्यामराव उठले. देवापुढं जाऊन बसले, पण हरिपाठात चित्त लागेना. मी थोरला. ठेला मी ठरवला, जिने मी शोधून काढले, कोणता साहेब किती वाजता खुशीत असतो ते याला मी शिकवलं. आणि कीर्तनात नाव त्याचं. जिथं आपण आयुष्यभर टाळ धरून बसलो, तिथंही तोच.

दुसऱ्या दिवशी ते कौमुदीताईंना भेटायला गेले. ताईंनी वाकून नमस्कार केला. “सांगा काका, अगदी सावकाश.”

श्यामरावांनी सगळं सांगितलं. ठेला, गादी, काळी पावडर, हेडमास्तर, लाइनवाली की चौखाना. ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी विचारलं, “आणि काका, कॉपी म्हणाले ते कोण?”

इथं श्यामरावांच्या जिभेनं वळण घेतलं.

“नरेंद्र,” ते म्हणाले. “नवा होता ना.”

“मग झेरॉक्स म्हणून कुणी सावरलं?”

“मी.”

एवढी वर्षं जो शब्द टाळला, तो आपण म्हटला होता असं सांगताना त्यांना कसंसंच झालं. पण घरी येताना पाऊल हलकं पडत होतं. वाटेत त्यांनी दोन पाट्याही वाचल्या.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. पूर्वरंग झाला, ताईंना हार घातला, सगळ्यांना बुक्का लागला. पहिल्या रांगेत एका टोकाला श्यामराव आणि सुशीलाबाई, दुसऱ्या टोकाला नरेंद्रराव आणि त्यांच्या पत्नी विनीताबाई. नरेंद्ररावांचा उजवा हात आता सारखा थरथरतो, म्हणून विनीताबाई तो आपल्या हातात धरून बसतात.

ताईंनी उत्तररंगात गोष्ट घेतली आणि काय रंगवली म्हणता. मशीनची घरघर पेटीवर काढली, हमालांची चाल तबल्यावर. ‘लाइनवाली की चौखाना’ म्हणताच पोट्टे-पोट्ट्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे लोटपोट झाले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सुशीलाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं. ती शाळेतली फजिती श्यामराव त्या दिवशी घरी येऊन त्यांनाच सांगून रडले होते.

श्यामराव नरेंद्रकडं बघत होते. आता याचं तोंड उतरेल, आता हा उठून म्हणेल की खोटं आहे.

ताईंनी चिपळ्या थांबवल्या. “काय नरेंद्रकाका, खरं ना?”

नरेंद्रराव बायकोच्या आधारानं उठले. “हव ताई, मीच तो. कॉपी म्हणून बसलो अन् हेडमास्तर वह्या मोजायले बसले. श्यामभाऊ नसते तं मले दुसऱ्याच दिवशी गाडीत बसवून नागपूरले धाडलं असतं.”

टाळ्या पडल्या. श्यामरावांकडं माना वळल्या, कुणी हात जोडले. ज्या टाळ्यांसाठी जीव तडफडला, त्या पदरात पडल्या आणि श्यामरावांना त्या धरताच येईनात.

विनीताबाई टाळ्यांच्या आवाजात पुढं वाकून सुशीलाबाईंना म्हणाल्या, “अहो, ही गोष्ट तर आमच्याकडं पाहुणा आला की ठरलेली. नातवंडांना पाठ आहे. आजोबांनी मशीनमधून वही काढली म्हणतात.”

श्यामरावांच्या कानावर ते पडलं. म्हणजे आजची नाही. हा कधीपासून माझी फजिती आपली म्हणून सांगत आला आहे?

आरती झाल्यावर त्यांनी नरेंद्रला चपलांच्या रॅकपाशी गाठलं.

“नरेंद्र, काहून खोटं बोलला तू?”

“तू काहून बोलला?” नरेंद्रराव हसले. मग म्हणाले, “अरे, नागपूरच्या साहेबानं तेव्हा फोनवर विचारलं होतं, शाळेत वह्या-जिल्दीचा घोळ कोणी घातला म्हणून. तुझं नुकतंच लग्न झालं होतं. म्हटलं, मी घातला. मी पोट्टा होतो, मले दोन शिव्या देऊन सोडलं.”

“अन् घरी? घरी काहून सांगत राहिला?”

“एकदा साहेबाले सांगितलं तं सगळीकडं तेच सांगा लागलं ना बाप्पा. सांगता सांगता माझीच होऊन गेली. खरं सांगू, आता मलेच पक्कं आठवत नाही का कोण बोललं होतं ते.”

दुसरा कुणी असता तर तिथंच गळ्यात पडला असता. श्यामरावांना उलट अधिकच डाचलं. ऑर्डर यानं नेली, नाव यानं नेलं, लोकांचं प्रेम यानं नेलं. त्या सगळ्या धंद्यात अस्सल माझी म्हणावी अशी एक चूक होती. तीही यानंच नेली, आणि ती नेऊनही चांगलाच ठरला.

“ते चूक माझी आहे,” श्यामराव म्हणाले. “वापस दे.”

“घे ना बाप्पा. मी काय खिशात घेऊन फिरून राहिलो का?”

सुशीलाबाई मागं उभ्या होत्या. “आता तरी घरी चला,” त्या म्हणाल्या. “का त्यांच्या चपलाही आपल्याच म्हणता?”

श्यामराव घरी गेले नाहीत. ते तसेच परत हॉलमध्ये शिरले. कौमुदीताई वीणा खोळीत घालत होत्या.

“ताई, उद्या ती गोष्ट सुधारून सांगा. कॉपी म्हणणारा मी होतो. झेरॉक्स म्हणणारा नरेंद्र.”

ताईंनी वीणा बाजूला ठेवली. “काका, आज लोक टाळ्या वाजवून गेले. उद्या तुमच्यावर हसतील.”

“हसू द्या. माझ्या वाटचं हसू आहे ते. ते त्याले कायले?”

ताईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. “काका, उद्या काला. काल्याच्या कीर्तनात कृष्णाखेरीज दुसरं आख्यान लावायची रीत नाही. पुढल्या वर्षी आले तर नक्की सांगेन.”

पुढलं वर्ष कुणी पाहिलं. दुसऱ्या दिवशी काल्याचा प्रसाद घेताना नरेंद्ररावांच्या थरथरत्या हातातून लाह्या सांडत होत्या. श्यामरावांनी स्वतःची ओंजळ त्याखाली धरली, सांडलं ते झेललं आणि खाऊन टाकलं. परत दिलं नाही.

म्हणून एवढं सगळं सांगितलं. कीर्तनात जे सुधारायचं राहिलं, ते इथं सुधारलं. झेरॉक्सभैयाला आठवायला सारं रायपूर आहे, त्याची काळजी नको. पण तुम्ही कधी आधार कार्डाची, नाहीतर पोराच्या दाखल्याची नक्कल काढायला दुकानात उभे राहाल, तेव्हा एकदा तरी ‘एक कॉपी दे दो भैया’ म्हणा. दुकानदार विचारेल, लाइनवाली की चौखाना. तेव्हा हसा, आणि समता कॉलोनीतल्या श्यामराव खोलकुट्यांना आठवा. ती चूक त्यांची होती.