ओलं गोणपाट

भागुबाईंनी सुनेला आजवर कधी फोन केला नव्हता. काही सांगायचं झालं की त्या मुलाला फोन करत आणि मुलगा शेजारीच बसलेल्या बायकोला ते सांगे. लग्न झाल्यापासून दोघींचा संसार असा कुंदनमार्फत चालला होता. म्हणून त्र्यंबकेश्वरच्या दर्शनरांगेत घामाने निथळत उभ्या असलेल्या रूपालीच्या फोनवर सासूचं नाव उमटलं, तेव्हा तिला वाटलं, चुकून लागला असेल.

पलीकडून आधी नुसता खोकला आला. मग तुटक आवाज.

"डोळे लय झोंबत्यात. छाती भरून आली."

भागुबाईंना जुना दमा. रूपालीने पंपाचं विचारलं. पंप घेऊन झाला होता, काही उपयोग नव्हता. गाडीत कसला तरी वास सुटलाय म्हणाल्या, आगकाडी ओढल्यावर येतो तसा.

गाडी म्हणजे कुंदनचं खूळ. द्राक्षमळे बघायला मुंबईची माणसं येतात, त्यांना भाड्याने देऊ म्हणून त्याने एका शाळेची जुनी ट्रॅव्हलर घेतली. बाकडी काढून पलंग टाकला, ओटा केला, बॅटरीवरचा पंखा लावला आणि तिला घरगाडी म्हणू लागला. घर सोडून गाडीत झोपायचं म्हणजे भिकेचे डोहाळे, असं भागुबाईंचं मत होतं आणि त्या ते रोज ऐकवत. खोटं कशाला बोला, गाडीत झोपण्यासारखं काही नव्हतंच. चारी बाजूंनी काचा. एप्रिलच्या उन्हात आत पापड भाजून निघाला असता, आणि तिरीप अशी की डोळा उघडवत नसे. तयार पडद्यांचा भाव ऐकून कुंदनने हात जोडले. मग रूपालीने पदर खोचला.

हंगामात ती गावाजवळच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षं भरायला जाते. तिथून चंदेरी बबल शीटचे उरलेले तुकडे तिने आणले. काचेकडे ती चंदेरी बाजू, आतून घरातलं गोणपाट. मधे भरायला काहीतरी हवं होतं. ग्रेप गार्डचे गठ्ठे मुदत संपली म्हणून फेकायला काढलेलेच होते. द्राक्षाच्या पेटीत सगळ्यात वर जो कागद ठेवतात, तो हा. बोटीच्या प्रवासात माल बुरशीने जाऊ नये म्हणून. जाड, पांढरा, छान बसणारा. रूपालीने खिडकी-खिडकीला तो पसरला, आणि कुंदनने वरून लाकडी पट्ट्या स्क्रूने आवळून टाकल्या. फुकटात काम झालं. आज देवाला निघताना भागुबाई गाडीत चढल्या, बसल्या आणि कुणाकडेच न बघता "गार हाय" म्हणाल्या. रूपालीने ते दोन शब्द दिंडोरी रोडपासून त्र्यंबकपर्यंत मनात घोळवले.

रांगेत उभं राहणं भागुबाईंना जमणार नव्हतं. मी इथूनच कळसाला हात जोडते, तुम्ही जाऊन या, असं त्यांनीच सांगितलं. सरकत्या दाराची कडी नीट बसत नव्हती, ते आपोआप उघडायचं. गर्दीचं ठिकाण, चोराचिलटाची भीती, म्हणून कुंदनने बाहेरून कोयंडा ठोकून कुलूप घातलं. पुढे ड्रायव्हरच्या बाजूला प्लायवूडची भिंत. एकूण काय, म्हातारी कुलपात होती.

"पंखा चालू आहे ना?" रूपालीने विचारलं.

"बंद पडला. म्हणून तर गोणपाट भिजवलं मी. समद्या खिडक्यांचं. चांगलं निथळस्तोवर भिजवलं."

भागुबाईंचा दर उन्हाळ्याचा हा नेम. दाराला, खिडकीला ओलं गोणपाट लावायचं, येणारा वारा गार होतो. यात त्यांचं काय चुकलं?

रूपालीला एकदम पडद्यातला कागद आठवला. पॅकहाऊसचा मुकादम रंगनाथ प्रत्येक हंगामात ओरडून ओरडून घसा बसवायचा, ग्रेप गार्डला ओला हात लावू नका. बायकांना वाटायचं, कागद खराब होऊ नये म्हणून ओरडतोय मेला. एकदा चिमणाबाईने भिजलेला गठ्ठा नाकाजवळ नेला, तर ठसका लागून तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि सगळ्या पोट धरून हसल्या. त्या कागदात औषध असतं. ओल लागली की त्याचा वायू सुटतो, त्यानेच बुरशी मरते. पेटीला एक कागद पुरतो. रूपालीने गाडीत गठ्ठेच्या गठ्ठे भरले होते.

हे सासूला सांगायचं कसं? सांगितलं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. असा विचार तिच्या मनात आला, अगदी क्षणभरच, पण आला. त्याची लाज तिला पुढे कितीतरी दिवस पुरली.

"आई, ऐका. खिडक्यांजवळ थांबू नका. दाराशी खाली बसा, खालच्या फटीला तोंड लावा आणि तिथूनच श्वास घ्या. मी आले."

कुंदनला तिने दोन वाक्यांत सांगितलं. त्याला ते पटेना. कागदाने कुठं माणूस गुदमरतं का? उकडत असेल तिला, एवढा वेळ उभे राहिलोय, आता गाभारा आलाच की. रूपालीने वाद घातला नाही. त्याच्या खिशात हात घालून किल्ली काढली आणि कठड्याखालून वाकून बाहेर पडली. लोक ओरडले. ओरडू देत.

ती पळत सुटली. रुद्राक्षांची दुकानं, फुलवाल्या, पेढ्यांच्या पाट्या, मधेच आडवी बसलेली गाय. फोन कानाशी होता आणि कानात खोकला होता. खोकला येतोय तोवर ठीक, असं ती स्वतःला सांगत होती. वाहनतळाच्या वळणावर खोकला थांबला.

"आई?"

काही नाही. फोन चालू होता, पण पलीकडे कुणी बोलत नव्हतं.

"आई, बोला काहीतरी. शिव्या द्या मला."

गाडी भर उन्हात उभी होती, सगळ्या काचा आतून चंदेरी. शेजारून माणसं येत-जात होती. आतलं काहीच कुणाला दिसत नव्हतं. रूपालीने पडदे अगदी पक्के केले होते. किल्ली कुलपात जाईना. एकदा किल्लीच हातातून खाली पडली. मग कुलूप निघालं, दार सरकलं, आणि आतून असा भपकारा आला की रूपालीचे स्वतःचे डोळे मिटले. दाराला टेकून पडलेल्या भागुबाई तिच्या अंगावर कलंडल्या. ओठ काळेनिळे, पण छाती हलत होती. दोन रिक्षावाले धावले. दवाखान्यात त्यांच्या नाकाला ऑक्सिजन लावेपर्यंत रूपालीने सासूचा दंड सोडला नाही. कुंदन नंतर आला. त्याला आईकडे बघवेना आणि बायकोकडेही.

तो डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेला, तेव्हा भागुबाईंनी डोळे उघडले. रूपालीने काही राखून ठेवलं नाही.

"आई, तो कागद मी घातला होता. माझ्यामुळं झालं."

भागुबाईंनी नाकावरचा मास्क जरा बाजूला केला.

"ठाऊक हाय. माझ्याबी घरात द्राक्षंच पिकत्यात. वास वळखला मी." त्या थांबल्या, श्वास घेतला. "भायेर कुलूप, आत ह्यो वास. मला वाटलं, तू मुद्दाम केलं."

रूपालीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तिने विचारलं, "मग फोन मला का केला?"

"दुसरं कोण पळत येणार व्हतं?"

एवढं बोलून भागुबाईंनी मास्क पुन्हा नाकावर ओढला. रूपालीला रडावं की भांडावं कळेना. तिने दोन्ही केलं.