इर्षेपायी रंकाळ्यापर्यंत

मी जहाज बोलतोय. थांबा, तुमचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे. नाही, मी पाण्यात तरंगत नाही. दुसराही ठाऊक आहे. नाही, मला मोटर बसत नाही. आणि माझा झेंडा पुढच्या बाजूला फडकतोय, तो उलटा लागलेला नाही! शिडाच्या जहाजाला वारा मागून ढकलतो, मग झेंडा मागं कसा उडेल? पण तुम्ही पडलात मोटारसायकलला झेंडा लावून फिरणारी माणसं. आजवर अकरा पाहुण्यांनी माझा झेंडा बोटानं मागं फिरवला आणि अकरा वेळा बाळासोनं तो चिमट्यानं पुन्हा पुढं केला. आता वैतागायचं नाही तर काय करायचं?

सुरुवातीला मी नुसता एक खोका होतो. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले साडेतीनशे सुटे भाग आणि इंग्रजीत छापलेली एक पुस्तिका. पुण्यात नोकरी करणाऱ्या स्वप्नालीनं मला विकत घेतलं आणि कोल्हापुरात बापाला पाठवलं. बाप म्हणजे बाळासो. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात अडतीस वर्षं लेथ चालवून तो नुकताच निवृत्त झाला होता, आणि करमत नाही म्हणून घरातल्या चांगल्या चाललेल्या नळाच्या तोट्या खोलून पुन्हा बसवत होता. "बाबा, हे करत बसा, म्हणजे आई सुखानं राहील," असं स्वप्नालीनं चिठ्ठीत लिहिलं होतं.

दुसऱ्या कुणाकडं गेलो असतो तर तीन महिन्यांत उभा राहिलो असतो. इथं अडीच वर्षं लागली! बाळासो प्रत्येक तुकडा कारखान्यातल्यासारखा मापायचा, "ह्यो दोन केस जाड हाय" म्हणायचा आणि घासत बसायचा. माझ्या प्लास्टिकच्या तोफा हातात घेऊन म्हणाला, "असल्या तोफंनं माशी मरायची न्हाय." मग ओळखीच्या वर्कशॉपात जाऊन त्यानं पितळेच्या चोवीस तोफा कातून आणल्या. एकेक बोटाच्या पेराएवढी. मला लाकडाचा रंग दिला, तो आवडला नाही म्हणून खरवडला. पुन्हा दिला, पुन्हा खरवडला. अहो, माझी कातडी आहे ती!

"कोण बघतंय ते?" त्याची बायको संयोगिता विचारायची.

"मी बघतोय की."

"मग बघा. पण त्ये टेबल रिकामं करा, मला शेवया वाळवायच्या हायत."

म्हणून मी कॉटवर. कॉटवरून कपाटावर. कपाटावरून पुन्हा टेबलावर, शेवयांच्या शेजारी.

सगळ्यात कहर केला तो दोरांनी. डोलकाठीवर चढायला खलाशांसाठी दोन्ही बाजूंनी दोरांच्या शिड्या असतात. त्या खोक्यात तयार होत्या, प्लास्टिकच्या, नुसत्या चिकटवायच्या. बाळासोनं त्या टाकून दिल्या. त्याचा दोस्त करीम शिंपी आहे. त्याच्या दुकानातून काळा दोरा आणला, लव बसावी म्हणून मधमाशीच्या मेणावर ओढला आणि दोरा जिथं दोऱ्याला ओलांडतो तिथं एकेक गाठ मारायला घेतली. सोळाशे गाठी. एक गाठ चुकली की सगळी ओळ कापायची.

"बाळासो, ह्या गतीनं मी शर्ट शिवलं असतं तर गिऱ्हाइकं उघडीच फिरली असती," करीम म्हणाला. "कशाला एवढं मरायलायस?"

बाळासोनं हातातली गाठ पुरी केली आणि म्हणाला, "अडतीस वर्सं मी केल्यालं सगळं इंजनाच्या पोटात गेलं. चाललं तर कुणी इचारलं न्हाय, बिघडलं तरच हाक यायची. एकदा तरी कुणीतरी वाकून बघावं रं."

त्या दिवसापासून मी कुरकुर कमी केली. बंद नाही केली, कमी केली.

गेल्या महिन्यात स्वप्नालीचा फोन आला. पुण्यात असली जहाजं, विमानं, रेल्वे बनवणाऱ्यांचं प्रदर्शन आहे, जाणकार लोक येतात, मी फॉर्म भरलाय. बाळासो फोनवर "बघू की" एवढंच म्हणाला आणि संध्याकाळी जाऊन निळा शर्ट घेऊन आला.

आता कुणालाही वाटेल, झालं, सुटलो. पण प्रदर्शनाला बरोबर आठवडा उरला होता, त्या रविवारी अमरसिंह जेवायला आला. संयोगिताचा धाकटा भाऊ. एकटा येईल तर शपथ. बरोबर तालमीतले चौघे. पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या रिकाम्या करून सगळे माझ्याभोवती जमले.

"दाजी, झ्याक हाय की! पाण्यात तरंगतंय न्हवं?"

"त्ये बघायसाठी असतंय," बाळासो म्हणाला.

"म्हंजे तरंगत न्हाय?"

"शोपीस हाय रं त्ये," त्यातला एकजण म्हणाला. "माझ्या पोरीला आणलंतं, सेलवर चालनारं. ते तरी टबात फिरायचं."

"अडीच वर्सं बसून शोपीस केलासा व्हय, दाजी?" अमरसिंह हसला. तसा मनानं वाईट नाही तो, पण हसतो फार मोठ्यानं.

बाळासोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी ओळखलं, आता हा काहीतरी बोलणार. नको बोलूस, नको बोलूस!

"कोण म्हनतंय तरंगत न्हाय?" तो बोललाच. "उद्या सकाळी सातला रंकाळ्यावर या. न्हाय तरंगलं तर मिशी उतरवतो आणि तुमच्या आख्ख्या तालमीला मटनाचं जेवान घालतो!"

याला कोल्हापुरात इर्षा म्हणतात. माणूस एरवी शहाणा असतो, देव्हाऱ्यातला दिवासुद्धा मापून लावतो, पण एकदा इर्षेला पडला की त्याला घर दिसत नाही की दार. माझं पोट पोकळ, वर तीन उंच डोलकाठ्या, अंगावर चोवीस पितळी तोफा. मी पाण्यात उभा राहीन कसा? आणि हे बाळासोला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणून तर माझा संताप झाला. दोरा भिजला की ताण जाणार, रंग उठणार, डोलकाठी मोडणार, आणि पुण्याचं प्रदर्शन हुकणार. सोळाशे गाठी कशासाठी, तर मेहुण्याला गप्प करायला!

पाहुणे गेल्याबरोबर त्यानं कपडे भिजवायचा टब भरला, मला आत धरलं आणि बोटं जराशी सैल केली. मी तत्काळ कुशीवर गेलो. त्यानं झडप घालून उचललं आणि टॉवेलानं टिपलं.

चहाला करीम आला. "पोटात शिसं भर," म्हणाला.

"वरची फळी कापाय लागंल." बाळासोनं करवतीचं पातं काढलं, माझ्या फळीवर टेकवलं आणि पुन्हा खणात ठेवलं.

"मग जा आणि सांग त्याला, चुकून बोललो म्हणून."

"शब्द गेलाय, करीम."

घ्या! शब्द गेलाय म्हणे. जहाज गेलं तरी चालेल.

सोमवारी सकाळी संयोगिताच्या मऊ साडीत गुंडाळून मला रिक्षानं रंकाळ्यावर नेलं. घाटाच्या पायऱ्यांवर अर्धी तालीम हजर. सकाळी फिरायला आलेलेही थांबले. पंचवीस-तीस मोबाइल वर झाले. बाळासो शेवटच्या पायरीवर गुडघे टेकून वाकला. पाणी माझ्या तळाला लागलं. हिरवट आणि गार.

"सोडा की, दाजी!"

त्याची बोटं माझ्या दोन्ही कुशींना होती. मी आतल्या आत ओरडत होतो, वेड्या, नको सोडूस. तो दोरांच्या शिडीकडं बघत होता, जवळून, जशी गाठ मारताना बघायचा तसा. आणि मग त्यानं मला वर उचललं, छातीशी धरलं आणि उठून उभा राहिला.

"हरलो," तो म्हणाला. "तरंगत न्हाय. तरंगाय मी केलंच न्हाय. बघाय केलंय. हरलो मी."

शिट्ट्या झाल्या, हशा पिकला. अमरसिंह मात्र हसला नाही. मान खाजवत म्हणाला, "दाजी, मिशीचं ऱ्हाऊ द्या. गमतीत चाललंतं."

"शब्द हाय." नऊ वाजायच्या आत मिशी गेली. बुधवारी तालीम जेवून गेली.

इतके दिवस माझ्याबद्दल माणसं काय काय बोलली, पण माझ्यासाठी कुणी हरलं नव्हतं. तेही रंकाळ्यावर, चारचौघांत. बाळासो, तुझ्यावरचा माझा सगळा राग त्या दिवशी गेला, हे मला कबूल केलं पाहिजे.

आज रविवार, आणि मी पुण्यात आहे. कोल्हापूरपासून मला अमरसिंहानं मांडीवर धरून आणलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही आणि टोलनाक्यावरच्या माणसालासुद्धा "आमच्या दाजींनी केलंय" म्हणून सांगितलं. तो आणि स्वप्नाली आता खाली चहाला गेलेत. मी टेबलावर उभा. माझ्यापुढच्या कार्डावर नाव छापलंय स्वप्नालीचं, कारण फॉर्म तिनं भरला होता. बाळासो दोन पावलं मागं, भिंतीला टेकून. नवा निळा शर्ट, आणि उघड्या ओठावर सारखा हात.

जाड चष्म्याचे एक गृहस्थ पाऊण तास झाला माझ्यापाशी आहेत. त्यांनी मला बोट लावलं नाही. भिंग काढलं, कंबर धरून वाकले आणि डाव्या बाजूच्या गाठी खालून वर एकेक बघत गेले. मग उजव्या बाजूच्या. आता त्यांनी कार्ड वाचलंय आणि बाळासोला विचारतायत, "या स्वप्नालीताई कुठं आहेत? या गाठी त्यांनीच मारल्या?"

बाळासो, बोल की! कारखान्यात चार मशिनींच्या पलीकडून हाक मारायचास म्हणे, आणि आता तोंडातून शब्द निघेना होय? नुसता माझ्याकडं काय बघतोस?

ते वही काढून नाव लिहायला लागलेत. मला तोंड नाही, म्हणून तर हे सगळं तुम्हाला सांगत बसलो. तुमच्यापैकी कुणीतरी या इकडं, लवकर या, आणि त्यांना सांगा, ते भिंतीला टेकून उभे आहेत ना, त्यांनी केलंय.