खुंटीवरचा निवांत चिमटा

मी एक जुना चिमटा आहे, मित्रांनो. कपडे वाळत घालायचा नव्हे हं! आखडलेल्या बोटांना व्यायाम देणारा.

कोल्हापूरच्या एका फिजिओथेरपी कॉलेजात माझा जन्म झाला. जुनाट संधिवाताच्या रुग्णांसाठी घरच्या घरी वापरायचं साधन बनवणं हे प्रियदर्शनीचं संशोधन, आणि वर्षाराणी मॅडम तिच्या मार्गदर्शक. लाकडाच्या दोन पट्ट्या, मध्ये स्प्रिंग, वर निळं रबर. काय रुबाब होता माझा! अख्खं कॉलेज मला दाबून बघून गेलं.

मग मी मुरगूडला सरुबाईंकडं गेलो. सकाळी त्यांची बोटं उघडतच नसत. त्यांना एकच हवं होतं, आपल्या चंद्री म्हशीची धार पुन्हा स्वतः काढायची. चंद्री दुसऱ्या कुणाला कासेला हातच लावू देत नव्हती.

पण माझी स्प्रिंग फार ताठ! पहिल्याच सकाळी सरुबाई कळवळल्या आणि त्यांनी मला गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. तेवढ्यात प्रियदर्शनीचा फोन.

"मावशी, चिमटा कसा चाललाय?"

"निवांत!"

दर आठवड्याला तेच. प्रियदर्शनी खूश! कॉलेजात मॅडम मात्र तिला म्हणाल्या, हे मला नंतर कळलं, "अगं, निवांत हे काय उत्तर झालं? तापानं फणफणलेला माणूसपण आपल्याकडं निवांतच म्हणतो. धारेच्या वेळी जाऊन हात बघ त्यांचे."

"जाते की मॅडम, परीक्षा झाल्यावर."

खुंटीवरून मला ओरडता आलं असतं तर!

ती आली तेव्हा गोठा रिकामा होता. चंद्री विकली गेली होती.

"मावशी, सांगायचं नाही का हो?"

"एवढ्या हौसेनं केलंतंस पोरी. नावं कशी ठिवू?"

प्रियदर्शनी उंबऱ्यावर बसून रडायला लागली.

"आता रडून म्हस येतीया व्हय? च्या घे गप."

त्यानंतर ती तिथंच मुक्कामाला राहिली, फक्त हात बघायला. त्यातून मऊ स्प्रिंगचा माझा धाकटा भाऊ जन्मला. त्यानं सरुबाईंची बोटं मोकळी केली. अगदी धार काढण्याइतकी! पण काढायची कुणाची?

मी आता कॉलेजच्या कपाटात असतो. धाकटा परवा रबर बदलायला आला होता. म्हणाला, "सरुबाई अजून धारेच्या वेळेलाच मला हातात घेतात, रिकाम्या गोठ्यात बसून."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी जुनं दुखणं सोसत असेल. ते 'निवांत' म्हणाले की फोन ठेवू नका. जाऊन हात हातात घ्या. आणि धारेच्या वेळी जा, परीक्षा झाल्यावर नव्हे.