पायऱ्या चढणारे

बायको गेल्यावर महिन्याने मी तिचा कॉम्प्युटर उघडला, आणि कळलं की तिचे चालणारेही गेले.

चालणारे म्हणजे पडद्यावरच्या काड्यांच्या आकृत्या. देशोदेशीचे लोक एका साइटवर त्या वाढवतात. दर पिढीला बारा पिल्लं. त्यातली दोन निवडायची, त्यांच्यापासून पुढची बारा. बाकीचे लोक वेगवान निवडतात. हिचे गुडघे गेलेले, म्हणून ही न पडणारे निवडायची. सहा वर्षं. शेवटचे तर रखडत का होईना, पायऱ्या चढायचे.

आता ते सुसाट धावत होते आणि पहिल्याच पायरीवर तोंडघशी पडत होते.

साइट सांभाळणाऱ्याला फोन लावला.

"काका, तीस दिवस कोणी निवड केली नाही की मशीन निवडतं. वेगावर. नियमच आहे."

"ती दवाखान्यात होती. नंतर नव्हतीच."

"अरेरे. पण काकूंचं घराणं पहिल्या दहांत आलंय! अभिनंदन."

"खड्ड्यात गेलं तुझं अभिनंदन! जुने परत दे."

"जुन्या पिढ्या पुसतो आम्ही. जागा लागते."

"सहा वर्षं पुसलीस आणि जागा सांगतोस मला?"

त्याने फोन ठेवला. त्याला शिव्या घालणं सोपं होतं. दवाखान्यात ही दोनदा म्हणाली होती, "अहो, तेवढी माझी निवड करून ठेवा." मी खेकसलो होतो, "आधी गोळ्या घे. कसले किडे पाळलेत!"

मुलीने शोधून काढलं, एका बाईने दोन वर्षांपूर्वी हिच्या चालणाऱ्यांची प्रत घेतली होती. तेव्हा ते नुसते सपाटीवर न पडता चालत, पायरीपाशी थांबत. तिथून मी सुरू केलं. आठवड्याभरात तेही पडायला लागले.

"बाबा, तुम्हीपण पळणारेच निवडताय!"

"मग काय गोगलगायी निवडू?"

"आई तेच करायची."

मी तिच्यावर ओरडलो. पण खरं होतं. हळू चालणाऱ्याकडे बघत बसायला मला जमत नाही. रस्त्यातही मी हिच्या दहा पावलं पुढे असायचो आणि वर "चल गं लवकर" म्हणायचो.

प्रत पुन्हा घेतली. आता रोज हळू चालणारेच निवडतो, दात-ओठ खात. चाळीस पिढ्या झाल्या. पायरी अजून एकही चढलेला नाही.